सरबताचा लाल गोफ

कधीकाळी, खूप खूप मागे, समुद्राकाठी एक राज्य होतं. तिथल्या राजाचं नाव मला ठाऊक नाही, आणि या गोष्टीत त्याचं काही कामही नाही. काम आहे ते त्याच्या बाजारपेठेतल्या एका मापाऱ्याचं.

मापारी म्हणजे धान्य मापून देणारा. शेतकरी पोती आणी, व्यापारी विकत घेई, आणि दोघांच्या मधे बसून हा पायलीने मापून देई. त्याचं माप इतकं चोख की कुणाला तक्रारीला जागाच नसे. पायलीवर एक दाणा जास्त राहिला तर तो बोटाने खाली पाडी. लोक त्याला मान देत. पण मापून झालं की जो तो आपलं धान्य उचलून चालू लागे. मापाऱ्याशी गप्पा मारत कोण बसणार?

घरात बायको होती तोवर हे त्याच्या लक्षातही आलं नाही. ती गावभरच्या गोष्टी सांगे आणि तो जेवता जेवता नुसतं हूं हूं करी. मग एका हिवाळ्यात ती आजारी पडली आणि गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर तो संध्याकाळी घरी येऊन दिवा लावी, वेड्यावाकड्या भाकऱ्या थापी आणि भिंतीकडे तोंड करून जेवी. सकाळी बाजारात पहिला शब्द बोलायला गेला की घशातून आवाज फुटत नसे. रात्रभर तो घसा कुणासाठी वापरलाच नव्हता.

त्याला वाटलं, आपल्याला काहीतरी रोग झाला आहे. तो वैद्याकडे गेला. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि हात पुसत म्हटलं, "तुला औषध नको, माणसं हवीत. पाऊस संपला की बेटांच्या फेरीचं गलबत सुटतं, त्यात जाऊन बस. चार लोकांत राहशील."

वैद्याने पैसे घेतले नाहीत. मापाऱ्याला ते फार आवडलं.

हे गलबत वर्षातून एकदा निघे. बेटाबेटांवर थांबे, देवळं दाखवी, वारा खाऊ घाली आणि फिरून त्याच बंदरात परत येई. गावोगावची माणसं त्यात भेटत. मापाऱ्याने गाठीचे पैसे काढले, धोतरजोडी बांधली आणि तो निघाला. मनात एकच होतं. परत येईपर्यंत निदान एक तरी माणूस आपलं झालं पाहिजे.

गलबतावर चढायच्या फळीपाशीच सरबतवाला बसला होता. पिंपातलं पाणी सगळ्यांना मोफत होतं, पण त्याला लाकडाचा वास यायचा. म्हणून लोक सरबतवाल्याकडे जात. त्याच्याकडे कोकम होतं, लिंबू होतं, वाळा होता, शहाळी होती.

"काका, दोन रीती आहेत," तो मापाऱ्याला म्हणाला. "पेल्यामागे पैसे द्या, नाहीतर आत्ताच एकदम भरा. एकदम भरलंत तर मनगटाला हा लाल गोफ बांधतो. मग परत येईपर्यंत हवं तितकं प्या, कुणी विचारणार नाही. पण एक आहे. गोफाचं सरबत ज्याचं त्याने प्यायचं. दुसऱ्याला घोटभरही द्यायचं नाही. नाहीतर एका गोफावर सगळं गलबत पिऊन जाईल, आणि मी बसेन बोंबलत."

मापाऱ्याचे डोळे चमकले. हे त्याच्या प्रांतातलं काम होतं. त्याने बोटांवर हिशेब केला. दिवसाला पाच पेले प्यायले तर पैसे फिटतात. सहावा प्यायला की नफा. समुद्रावर ऊन, खारा वारा, सहा पेले काय सहज जातील! त्याने पैसे मोजले आणि मनगट पुढे केलं.

त्याच्या मागे एक म्हातारी कासारीण उभी होती. बांगड्यांच्या धंद्यात सारा जन्म पायी हिंडून झाला होता, आता एकदा बसून फिरावं म्हणून ती आली होती. सरबतवाल्याने तिलाही विचारलं.

"मला कुठे कळतंय, किती तहान लागेल ते," ती म्हणाली. "लागली की बघू."

मापाऱ्याला तिची कीव आली. आता ही बाई पेल्यापेल्याला लुटली जाणार, असं त्याला वाटलं.

आता खरं सांगतो, मापाऱ्याचं गणित बरोबर होतं. मी तुम्हाला असं सांगणार नाही की त्याला फसवलं गेलं. सरबतवाला सच्चा होता, सरबत गोड होतं, आणि गोफ पाहताच पेला भरून मिळत होता. पहिले काही दिवस तर मापारी नुसता खूश होता. सकाळी कोकम, मग लिंबू, दुपारी शहाळं. प्रत्येक पेल्याबरोबर तो मनात एक आकडा पुढे सरकवी.

पण त्या गलबतावर एक रीत होती, ती त्याला कुणी सांगितली नव्हती. कारण ती कुणी ठरवलेलीच नव्हती. ऊन उतरलं की सुटे पेले विकत घेणारी माणसं डोलकाठीपाशी जमत. त्यातलं कुणीतरी एक उठे आणि सगळ्यांसाठी सरबत घेऊन येई. दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी उठे. जो काल प्यायला त्याला आज पाजायला यावंच लागे, आणि ज्याने आज पाजलं तो उद्या प्यायला येईच. असं करत करत कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाचा बैल कसा मेला, कुणाला रात्री झोप का येत नाही, हे सगळं सगळ्यांना कळून गेलं होतं. सरबत हा नुसता बहाणा होता. पण बहाणा लागतो हो माणसांना, उगाच कोण कुणाजवळ येऊन बसतं?

एका संध्याकाळी मापारी आपला पेला घेऊन तिथे गेला. मनात धाकधूक होती. लोकांनी सरकून जागा दिली. त्या दिवशी एका थकलेल्या पहिलवानाची पाळी होती. कान चुरगळलेले, गुडघे गेलेले, पण माणूस दिलदार. तो सगळ्यांसाठी वाळ्याचं सरबत घेऊन आला आणि एक पेला त्याने मापाऱ्यापुढे धरला.

"घ्या पाव्हणं. आज आमच्याकडनं."

वाचकहो, त्या क्षणी त्याने काय करायला हवं होतं हे तुम्हाला समजतं, मला समजतं, घरातल्या शेंबड्या पोरालाही समजेल. पण तो मापारी होता. त्याच्यापुढे जास्तीचा दाणा पडला की बोट आपोआप पुढे होई.

"छे, छे, मला कशाला?" तो मनगट दाखवत म्हणाला. "माझं भरलेलं आहे. मला फुकटच मिळतं. तुम्ही उगाच पैसे घालवताय. खरं म्हणजे तुम्ही सगळेच चुकलात. सुरुवातीलाच गोफ बांधला असतात तर बरेच वाचले असते. बसा, मी हिशेब करून दाखवतो."

आणि त्याने खरोखरच करून दाखवला. बोटांवर, मोठ्याने, प्रत्येकाचा वेगवेगळा. त्याला मनापासून वाटत होतं की आपण या लोकांचं भलं करतो आहोत.

पहिलवानाने पुढे केलेला पेला खाली ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला.

गप्पा पुन्हा सुरू झाल्या, पण मापाऱ्याच्या बाजूची तोंडं हळूहळू दुसरीकडे वळली. कुणी रागावलं नव्हतं. त्याच्याशी बोलायला काही उरलं नव्हतं, इतकंच. दुसऱ्या दिवशी कासारणीची पाळी होती. ती पेले घेऊन आली, एकेकाला देत मापाऱ्यापर्यंत पोचली आणि थबकली. तिची नजर लाल गोफावर गेली.

"तुमचं झालेलं आहे, नाही का भाऊ," ती मायेनेच म्हणाली आणि पुढे सरकली.

त्या रात्री मापाऱ्याला वाईट वाटलं. त्याच्या मनात आलं, आपणही एकदा सगळ्यांना पाजावं. सकाळी त्याने सरबतवाल्याला विचारलं.

"पाजा की," सरबतवाला म्हणाला. "गोफावर नाही मिळायचं, पण रोख पैसे दिलेत तर कुणालाही पाजा."

मापाऱ्याचा हात कंबरेच्या कनवटीपाशी गेला. कनवटीला नाणी होती. पण एकदा भरलेलं असताना पुन्हा भरायचं? आणि दुसऱ्यांसाठी? त्याचा जीव होईना. हात तसाच परत आला.

मग तो डोलकाठीपाशी जाईनासा झाला. गलबताच्या मागच्या टोकाला दोरखंडांचं वेटोळं पडलेलं असे, त्यावर तो बसू लागला. तिथून फक्त मागे पडणारं पाणी दिसे. पेला हातात असे, आणि पुढून हसण्याचे आवाज येत. तो प्यायचा. तहान नसली तरी प्यायचा, कारण काही झालं तरी पैसे फिटले पाहिजेत. आंबटाने दात आंबले, पोट फुगू लागलं, तरी त्याने माप सोडलं नाही. सरबताची चव कधीच गेली होती. उरलं होतं ते फक्त मोजणं.

त्याला घरची आठवण यायची आणि लगेच लक्षात यायचं की घरीही असंच होतं. तिथे समोर भिंत होती, इथे पाणी, एवढाच काय तो फरक. एवढ्या माणसांत राहून आपण इतके एकटे कसे, हे त्याला कळेना. रडावंसं वाटलं, पण रडताना कुणी पाहिलं तर काय, ही भीती होती. मग ध्यानात आलं की आपल्याकडे कुणी पाहतच नाही. त्यावर मात्र त्याचे डोळे भरून आले.

फेरी संपत आली. एका दुपारी कोकमाचा पेला रिकामा करून त्याने मनातला आकडा पुढे सरकवला आणि तो चमकला. पैसे फिटले होते! इथून पुढचा प्रत्येक घोट निव्वळ नफा. त्याचं गणित तंतोतंत खरं ठरलं होतं. आनंदाने तो उठला आणि ही बातमी सांगायला वळला.

समोर दोरखंड होते. शिडाची सावली होती. सांगायला माणूस नव्हता.

तो तसाच उभा राहिला. बायको असती तर तिला सांगितलं असतं. तिने डोळे मोठे केले असते, ती थोडी हसली असती, आणि दोघांचं मिळून त्या नफ्याचं काहीतरी झालं असतं. आता तो नफा म्हणजे नुसतं पोटातलं पाणी होतं.

ऊन उतरेपर्यंत तो तिथेच होता. मग सरळ सरबतवाल्यापुढे जाऊन उभा राहिला.

"गोफ काप," तो म्हणाला.

सरबतवाला दचकला. "काका, आता कुठे तुमचा फायदा सुरू होतोय. अजून एक रात्र आहे, उद्याचा दिवस आहे. कापला की पुन्हा बांधता येत नाही."

"बांधायचा नाही आहे. काप. आणि डोलकाठीपाशी बसलेत त्या सगळ्यांपुरतं कोकम भर. एक पेला मलाही. रोख घे."

त्याने कनवटी सोडली आणि नाणी समोर ओतली. सरबतवाल्याने कात्री चालवली. इतके दिवस गोफाखाली असलेली कातडी पांढरी पडली होती.

पेल्यांचं तबक घेऊन मापारी डोलकाठीकडे चालू लागला. गलबत हलत होतं, थोडं सरबत तबकात सांडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं माप सांडलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. लोकांनी माना वर केल्या.

"आज माझ्याकडून," मापारी म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "आज माझ्याकडून घ्या. त्या दिवशी मी चुकलो."

पहिलवानाने त्याच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. मग पेला उचलला आणि बाजूची जागा हाताने थोपटली. "बसा पाव्हणं. उभं राहून कशाला?"

मापारी बसला. कासारणीने विचारलं, "घरी कोण कोण आहे, भाऊ?" आणि तो बोलायला लागला. बायकोबद्दल बोलला, तिच्या आजाराबद्दल बोलला, भिंतीबद्दलसुद्धा बोलला. लोक ऐकत होते. पहिलवान मधेच हूं हूं करत होता. सरबत संपलं तरी कुणी उठलं नाही. अंधार पडला, दिवा लागला, आणि मापाऱ्याला वाटलं की आपण आत्ताच गलबतावर चढलो आहोत.

रिकामा पेला खाली ठेवत कासारीण सवयीने म्हणाली, "भाऊ, उद्या माझी पाळी. आठवणीने या हं."

मग ती एकदम थांबली. दूरवर बंदराचा दिवा दिसू लागला होता. उद्या संध्याकाळी ते कुणीच तिथे नसणार होते.

दुसऱ्या दिवशी गलबत बंदराला लागलं. गाठोडी, हाका, धक्काबुक्की. पहिलवान त्याला पाठीवर थाप मारून गेला. कासारणीने गर्दीतून हात हलवला आणि ती उत्तरेच्या वाटेने निघाली. ती दिसेनाशी झाल्यावर मापाऱ्याच्या लक्षात आलं की तिचं गाव विचारायचं राहूनच गेलं. गोफ बांधून एकट्याने घालवलेल्या साऱ्या संध्याकाळी ते विचारायला त्याला वेळच वेळ होता.

तो घरी गेला, कुलूप काढलं आणि दिवा लावला. पुढे तो बरीच वर्षं जगला. धान्य मापून झालं की लोकांना थांबवून एक पेला पाजू लागला. कुणी थांबे, कुणी घाई आहे म्हणून निघून जाई. पण कासारणीच्या पाळीचा एक पेला आपला प्यायचा राहिला आहे आणि ती आता कधीच भेटणार नाही, हे त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

तात्पर्य: ज्याने आपला पेला आधीच काठोकाठ भरून घेतला, त्याला कुणाचं घेता येत नाही आणि कुणाला देताही येत नाही.