कालिंदीचं 'नाही'

समुद्रकाठच्या एका राज्यात एक हौशी राजा होता. हत्ती-घोड्यांचा कंटाळा आला, म्हणून त्याने अंतराळयान बांधवलं.

त्याच्या यानतळावर एक रीत होती. यात्री यानात चढण्याआधी हवामानप्रमुखाने शिडीपाशी जायचं, त्यांच्या डोळ्यांत पाहायचं आणि म्हणायचं, "आभाळ मोकळं आहे." हे ऐकल्याशिवाय यात्री पहिल्या पायरीवर पाय ठेवत नसत.

उड्डाणासाठी राजाने आपला वाढदिवस निवडला. मांडव सजला, पाहुणे जमले, जिलब्या तळून झाल्या. तीन यात्री शिडीपाशी आले. हवामानप्रमुख कालिंदीही आली, पण गप्प उभी राहिली.

"बोल की!" राजा म्हणाला.

"आज नाही, महाराज."

राजाने वर पाहिलं. सरून गेलेल्या वादळाचा एक पातळ ढग तेवढा पसरला होता. "या चिंधीला भ्यायचं?"

"हा ढग आपण होऊन वीज पाडणार नाही. पण धूर सोडत यान त्यातून गेलं, तर वीज यानावरच उतरेल. आत माणसं असणार आहेत."

"मी पाहुण्यांना काय तोंड दाखवू?"

"त्यांना जिलब्या वाढा. यांच्या घरच्यांना तोंड दाखवायची पाळी मी तुमच्यावर येऊ देणार नाही."

राजा संतापला, ओरडला. कालिंदी जागची हलली नाही. तिच्या शब्दांवाचून यात्रीही हलले नाहीत. ढग सरेपर्यंत दिवस मावळला.

"पाहिलंस?" राजा कडाडला. "एक तरी वीज पडली का?"

"यान उडालंच नाही, महाराज. पडणार कुणावर? पुन्हा असा ढग आला, तर पुन्हा नाहीच म्हणेन."

राजाने तिला तिथल्या तिथे काढून टाकलं आणि तिच्या जागी एक पक्का होयबा नेमला.

पुढे एक लख्ख दिवस उजाडला. होयबा शिडीकडे धावला. "आभाळ मोकळं आहे!" त्याने खणखणीत आवाजात सांगितलं. यात्री तसेच उभे.

"आता काय झालं?" राजा म्हणाला. "आज तर खरोखरच ढग नाही!"

यात्रींचा प्रमुख शार्दूल म्हणाला, "नसेल, महाराज. पण असता, तरी हे गृहस्थ हेच म्हणाले असते. कालिंदीताईंना बोलवा. नाहीतर आमच्या जागी तुम्ही बसा."

राजाने यानाच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि मुकाट्याने कालिंदीला आणायला आपली गाडी पाठवली.

ती आली. घाई मुळीच केली नाही. चारी दिशा न्याहाळल्या, वरच्या वाऱ्याची मोजमापं तपासली, राजाला खुशाल उन्हात ताटकळत ठेवलं. मग यात्रींच्या डोळ्यांत पाहून ती म्हणाली, "आभाळ मोकळं आहे."

तिघं झपाझप शिडी चढले.

तात्पर्य: ज्याला 'नाही' म्हणायची हिंमत नाही, त्याच्या 'हो'च्या भरवशावर कुणी जीव धोक्यात घालू नये.