मॅगझिनमधले कुंकू

घाटमाथ्यावरच्या एका गावात सुबराव नावाचे निवृत्त हवालदार राहत असत. पलटणीतून परत आलेल्या प्रत्येकाला त्या गावात मेजरच म्हणत, म्हणून त्यांनाही सगळे मेजर म्हणत. डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलायची आणि तशीच पुन्हा जोडायची, ही पैज त्यांनी पलटणीत जिंकली होती. ती गोष्ट गावातल्या लहान मुलांनाही पाठ होती.

गावाबाहेर भाताची एक बंद पडलेली गिरणी होती. तिथे मेजर मुलांसाठी नेमबाजीचा वर्ग चालवत. त्या मुलांत सगुणा नावाची एक मुलगी होती. ती दहावीत होती. बोलणे कमी, पण नेम असा की मेजरही तिच्यामागे उभे राहून पाहत राहत. सगुणाची आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाई. दहावी झाली की सगुणानेही तिथेच जायचे, असे घरात ठरले होते. त्यातून सुटायची एकच वाट होती. जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्या तिघांत जो येईल, त्याला सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळे. राहणे, जेवण आणि पुढचे शिक्षण, सगळे तिथे होई. पुढच्या वर्षी सगुणाचे वय त्या गटात बसणार नव्हते. म्हणजे ही चाचणी पहिली आणि शेवटची.

चाचणी पॉइंट टू-टू म्हणजे लहान गोळीच्या पिस्तुलाची होती. तसे पिस्तूल वर्गाकडे नव्हते. गावाने वर्गणी काढून एक नवे आणले. सगळ्यात स्वस्त होते तेच परवडले. त्याच्यासोबत गोळ्या भरायची एकच डबी आली. तिला मॅगझिन म्हणतात. तिच्यात पाच गोळ्या बसतात. खाली स्प्रिंग असते. एक गोळी सुटली की स्प्रिंग दुसरीला वर ढकलते.

पिस्तूल आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतात. मेजरांनी पाट मांडला. त्यावर पिस्तूल ठेवले आणि शेजारी मॅगझिन उभे केले. नवे हत्यार, म्हणून त्यांनी हात सैल सोडला. हळद-कुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, वर पळीभर तिळाचे तेल घातले. मॅगझिनचे तोंड उघडेच होते. तेल कुंकवाला घेऊन आत उतरले. दसरा उजाडेपर्यंत पूजेतले हत्यार हलवायचे नाही, असा रिवाज. दसऱ्याच्या सकाळी मेजरांनी सगळे बाहेरून लख्ख पुसले आणि नळीतून चिंधी फिरवली. त्यांच्या मते काम झाले होते.

सराव सुरू झाला. पहिली गोळी सुटली, दुसरी सुटली, तिसरी सुटली. चौथी अर्धी वर येऊन तिरकी अडकली. पुन्हा भरले, तर दुसरीच अडकली. कधी पाचही सरळ जात, कधी एकही धड जात नसे.

मेजर म्हणाले, पिस्तूल नवे आहे, शे-दोनशे गोळ्या गेल्या की मोकळे होईल. दोनशे गोळ्या गेल्या. मग म्हणाले, गोळ्या हलक्या आहेत. तालुक्याहून दुसऱ्या आणल्या. त्याही अडकल्या. शेवटी म्हणाले, पोरीचे मनगट ढिले आहे, धक्का झेलत नाही, म्हणून पिस्तूल अडते. असे खरोखर होऊ शकते, त्यामुळे सगळ्यांना ते पटले. वर्गातला किसन म्हणाला, "सगुणे, नाचणीच्या दोन भाकरी जास्त खा. बाईमाणसाचा हात पिस्तुलालाही कळतो." मुले हसली. मेजरांनी त्यांना गप्प केले नाही.

एकदा मेजरांनी स्वतः पाच गोळ्या झाडल्या. नशिबाने पाचही गेल्या. त्यांनी पिस्तूल खाली ठेवले आणि चाचणी होईपर्यंत पुन्हा झाडायला घेतले नाही.

सगुणा रोज पहाटे पाण्याने भरलेला तांब्या सरळ हाताने धरून उभी राहू लागली. तिचे मनगट सुजले. आई हळद लावी. पण सगुणा बघणारी मुलगी होती. गोळ्या भरताना मॅगझिनच्या बाजूचे बटण दाबावे लागे. सोडल्यावर ते टुणकन वर यायला हवे. ते मात्र चिखलातून पाय काढावा तसे सावकाश येई. दोन दिवस तिने हे कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सगळी मुले गेल्यावर ती मेजरांजवळ गेली.

"मेजर, मॅगझिन एकदा आतून बघायचं का?"

मेजरांनी मॅगझिन हातात घेतले. उलटे केले. तळाची पत्र्याची पट्टी अंगठ्याने सरकवून पाहिली. ती हलली नाही. त्यांच्या पलटणीतल्या रायफलीला असले काही नव्हते. पिस्तुलासोबत चित्रांची एक पुस्तिका आली होती, पण ती ट्रंकेत पडून होती. मुलीसमोर ती काढून बघावी, असे त्यांना वाटले नाही. ओढाताण केली आणि स्प्रिंग उडून तोंडावर आली तर काय, असेही मनात आले. त्यांनी मॅगझिन परत दिले.

"हे कंपनीतूनच बंद होऊन येतं. उघडायचं नसतं. तू तुझं मनगट बघ."

हे त्यांना ठाऊक नव्हते. पण त्यांनी ते अशा आवाजात सांगितले, की त्यांना पक्के ठाऊक आहे असेच ऐकणाऱ्याला वाटावे. सगुणाने पुन्हा विचारले नाही.

मार्गशीर्षात चाचणी झाली. आठ तालुक्यांतली मुले आली होती. त्या दिवशी पिस्तुलाने बराच वेळ साथ दिली. शेवटच्या पाच गोळ्या उरल्या, तेव्हा सगुणा दुसऱ्या जागेवर होती. तिने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही काळ्या वर्तुळाच्या मधोमध लागल्या. चौथी अडकली. नियमाप्रमाणे तिने पिस्तूल खाली रोखून दुसरा हात वर केला.

केस पिकलेल्या एक बाई पंच होत्या. त्यांनी पिस्तूल रिकामे केले आणि मॅगझिन काढून घेतले. तळाला एक बारीक खुंटी होती. ती त्यांनी सुईने दाबली आणि पट्टी सरकवली. स्प्रिंग बाहेर आली. तिला काळपट लाल, चिकट लगदा लागला होता. त्यात तांदळाचा एक दाणा होता. बाईंनी वास घेतला.

"याला नैवेद्यही दाखवलात का?" त्या म्हणाल्या. आजूबाजूचे हसले. मग त्यांनी गंभीरपणे विचारले, "हे आतून साफ ठेवायचं काम कोणाचं?"

त्या चाचणीचा नियम सरळ होता. मुलाने स्वतः हयगय केली असेल, तर उरलेल्या गोळ्या शून्य. हत्यार सांभाळणाऱ्या दुसऱ्या कोणाची चूक असेल, तर पाचही गोळ्या पुन्हा झाडायला मिळत. मेजरांना हा नियम माहीत होता. लगद्याचा रंग पाहताच तो कुठून आला, हेही त्यांना कळले होते. पण भोवती इतर तालुक्यांचे शिक्षक उभे होते. त्यांतले दोघे त्यांच्याच पलटणीतले होते. ते दोघे मेजरांकडे पाहत होते.

"तीच करते," मेजर म्हणाले. "किती वेळा सांगितलंय तिला."

सगुणाने त्यांच्याकडे पाहिले. बाईंनी तिला विचारले, हे खरे का. नाही म्हणावे, तर एवढ्या लोकांत मेजर खोटे ठरणार. मेजर आपणहून काही बोलतील, असे तिला वाटले. मेजर दूरच्या लक्ष्याकडे बघत होते. सगुणाने मान खाली घातली. बाईंनी वहीत दोन शून्ये लिहिली. सगुणा पाचवी आली.

परतताना एसटी स्टँडवर मेजरांनी तिला वडापाव घेऊन दिला. तिने तो दप्तरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मेजरांनी सुईने खुंटी दाबली. पट्टी सहज सरकली. त्यांनी सगळे रॉकेलने धुतले, पुसले, जोडले. मग पाच गोळ्या झाडल्या. पुन्हा पाच, आणि पुन्हा पाच. एकही अडकली नाही. किसन म्हणाला, मेजरांच्या हातात जादू आहे. मेजर गिरणीच्या पायरीवर बसून राहिले.

सगुणाकडे जायचे, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवले. पण आज तिचा अभ्यास असेल, उद्या पाहुणे असतील, असे म्हणत ते थांबले. खरे कारण ते स्वतःलाही सांगत नव्हते. शेवटी गेले तेव्हा दहावीची परीक्षा होऊन महिना उलटला होता.

सगुणा नुकतीच कारखान्यातून आली होती. मेजर उभ्याउभ्याच बोलले. कुंकू मीच वाहिले, म्हणाले. मॅगझिन उघडता येत नव्हते, म्हणून उघडत नाही असे सांगितले, म्हणाले. आणि तिकडे सगळ्यांसमोर खोटे बोललो, म्हणाले. आईने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि ती भिंतीला टेकून ऐकत राहिली.

सगुणाने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "मेजर, हे तिथं बोलायचं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मेजर घाईघाईने म्हणाले, पिस्तूल आता अगदी बिनतक्रार चालते, तू वर्गाला ये, दुसऱ्या स्पर्धा असतात. सगुणाने उजवा हात पुढे केला. काजूच्या टरफलाच्या तेलाने बोटे काळी पडली होती. टोकांची कातडी सोलून निघाली होती.

"चाप किती दाबला ते बोटाला आता कळत नाही," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मेजरांनी चहा घेतला आणि ते निघाले. वाटेत पारावर बसलेल्या मुलांनी उठून त्यांना कडक सलाम ठोकला. मेजरांचा हात वर गेला नाही.

तात्पर्य: एखादी गोष्ट येत नसेल, तर तसे सांगण्यात लाज घडीभराचीच असते. ती लपवली, की तिचे ओझे आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या डोक्यावर जाते. मग उशिरा दिलेल्या कबुलीने आपले मन हलके होईल, पण त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरत नाही.