शाळेच्या पाहुण्या बाई

खूप जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की तेव्हा राज्यावर कोण होतं ते आता कुणालाच आठवत नाही. लहान असाल तर पुढं सरका, मोठे असाल तर भिंतीला टेकून बसा, पण मध्ये बोलू नका. मला मध्ये बोललेलं खपत नाही.

एका नदीच्या काठी एक गाव होतं आणि गावात एक शाळा होती. शाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं पोरं येणार. तशी नव्हती ती. सरदारांच्या मुलांची शाळा वेगळी, राजाच्या वाड्यात. तिथं दारात पहारेकरी असायचा आणि तो आधी कुळ विचारायचा. ह्या शाळेच्या दारात नुसता एक कडुनिंब होता, आणि तो कुणाला काही विचारायचा नाही. कुंभार यायचा, सासुरवाशीण यायची, दिवसभर रंधा मारून दमलेला सुतार यायचा, नातवंडं झालेली म्हातारी यायची. पायरीवर वहाणा काढायच्या आणि आत जाऊन बसायचं, झालं.

अहाहा, काय दिवस होते ते! सारवलेल्या जमिनीचा तो वास. बारीक वाळू पसरलेल्या फळ्या असायच्या, धूळपाट्या, त्यांच्यावर बोटानं अक्षर काढायचं आणि तळव्यानं पुसायचं. एका कोपऱ्यात पाढे चालायचे, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाचा तरी डोळा लागलेला असायचा, आणि त्याला कुणी उठवायचं नाही, कारण तो पहाटेपासून राबून आलेला असायचा. अशी शाळा आता नाही बघायला मिळायची. जाऊ दे, गोष्ट राहील बाजूला.

तर ह्या शाळेत कायमचे गुरुजी मोजकेच. तिथंच राहायचे, तिथंच जेवायचे, तिथंच एकमेकांशी भांडायचे. त्यांना सगळे ‘घरचे’ म्हणत. पण शिकायला येणारे वाढले आणि घरचे पुरेनात. मग आसपासच्या गावांतून शिकवणारी माणसं येऊ लागली. आठवड्यातून एखादा दिवस यायची, आपला विषय शिकवायची आणि पुढच्या गावची वाट धरायची. ह्यांना म्हणायचं काय, असा प्रश्न पडला. शाळेचे मुख्य होते थोरले गुरुजी, अगदी देवमाणूस. ते म्हणाले, “म्हणायचं काय म्हणजे? पाहुणे म्हणा. मानाचा शब्द आहे.”

आता हेतू चांगलाच होता हो, कोण नाही म्हणतंय! पाहुणे आले की पाट मांडायचा, गूळपाणी पुढं करायचं, “बसा, बसा” म्हणायचं. पाहुण्याला काम सांगायचं नाही. पाहुण्याला काही विचारायचं नाही. पाहुण्यानं पाण्याच्या घागरीला हात लावला तर धावत जाऊन ती काढून घ्यायची. सगळं कसं रीतीप्रमाणं चालायचं.

अशात एक बाई तिथं शिकवायला आल्या. तरुण होत्या, कामाला अगदी नव्या. अक्षरं शिकवायच्या, तीही मोठ्या माणसांना. पोरांना अक्षर शिकवणं सोपं असतं. ज्या माणसाच्या हाताला वल्हं नाहीतर विळा धरून घट्टे पडलेत, त्याच्याकडून ‘अ’ काढून घ्यायचा म्हणजे खायचं काम नाही. आणखी दोन गावांतही त्या शिकवत, त्यामुळं काखेत कायम एक बोचकं. पण जीव जडला तो ह्या शाळेवर. नदी ओलांडताना कडुनिंबाचा शेंडा दिसला की त्यांना बरं वाटायचं.

नदी ओलांडून आणायची ती एक नावाडीण. आवाजानं खणखणीत, तोंडानं फटकळ, आणि बाईंच्या वर्गात पहिल्या रांगेत बसणारी.

बाईंचं शिकवणं झकास चाललं होतं. बाकीचं मात्र अवघड होतं. धूळपाट्या कुठं ठेवतात ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाहुण्याला कोठीघर दाखवतं का कुणी? त्या पाटावर बसून राहायच्या, आणि कुणीतरी पाट्या आणून देईपर्यंत वर्ग ताटकळायचा. बोचकं ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते मांडीवर घेऊन बसायच्या. एखादा कुंभार ‘ग’ उलटाच काढायचा, काही केल्या सुलटा काढीना. हे कुणाला तरी विचारावं असं त्यांना फार वाटायचं. पण त्या तोंड उघडायच्या आत व्याकरणाचे शास्त्रीबुवा हात जोडून म्हणायचे, “वा वा, बाई! फार छान शिकवता तुम्ही.” शास्त्रीबुवांनी त्यांचा वर्ग एकदाही पाहिला नव्हता, पण पाहुण्याला छानच म्हणायचं असतं ना!

कार्तिक आला. शाळेमागच्या आमराईत एक आवळ्याचं झाड होतं, त्याच्याखाली जेवायला जायचं, आवळीभोजन, ही शाळेची जुनी रीत. त्या दिवशी शाळा बंद. घरच्या गुरुजींना ठाऊक होतं, त्यांनी आपापल्या वर्गांना सांगितलं. राहिले पाहुणे. थोरले गुरुजी म्हणाले, “शास्त्रीबुवा, आपल्या पाहुण्या बाईंचा उद्या वर्ग. त्यांना कळवायला हवं.”

शास्त्रीबुवा गोरेमोरे झाले. “कळवायचं काय, गुरुजी? की उद्या येऊ नका? पाहुण्याला ‘येऊ नका’ म्हणायचं कसं? फार वाईट दिसेल हो.”

“तेही खरंच,” गुरुजी म्हणाले. “आणि भोजनाला या म्हणावं, तर आपण काल ठरवलं आणि आज बोलावतोय, असं होईल. तेही बरं नाही दिसत.”

आणि निरोप राहिला तो राहिलाच. घ्या! इतकी सभ्य माणसं असली की असं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई नदी ओलांडून आल्या. दाराला कुलूप. कुंभार आला, सासुरवाशीण आली, सगळा वर्ग जमला आणि कुलपाकडं बघत उभा राहिला. तेवढ्यात मागच्या आमराईकडून हसण्याखिदळण्याचा आवाज आला, आणि भरताचा वास आला. सगळी शाळा तिकडं पानावर बसली होती. बाईंच्या वर्गातलं कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना. बाई म्हणाल्या, “चला, आज मातीत लिहू.” कडुनिंबाखाली बसून त्यांनी पुरा वर्ग घेतला. आवाज जराही कापू दिला नाही. रडल्या त्या परतताना, नावेत, आणि तेव्हा मात्र भरपूर रडल्या.

नावाडीण वल्हं मारायची थांबली. “आता पुढं काय म्हणता, बाई?”

“वरच्या गावच्या शेठजींनी बोलावलंय,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “नातवंडांना शिकवायचं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. वणवण संपेल. मन इथं आहे हो माझं, पण इथं माझं कुणी नाही. वसंतपंचमी झाली की जाते.”

“आणि आमचं काय? मी आत्ता कुठं ‘म’पर्यंत आले! पुढची अक्षरं मला कोण, मासे शिकवणार?”

बाईंना हसू आलं आणि पुन्हा रडूही आलं. पण त्यांनी शेठजींना होकार कळवून टाकला.

वसंतपंचमीला शाळेत सरस्वतीची पूजा व्हायची आणि पूजेनंतर पाहुण्यांचा सत्कार व्हायचा. सतरंज्या अंथरल्या होत्या, गाव लोटला होता. सकाळचं कोवळं ऊन, झेंडूच्या माळा, तबकात नारळ आणि रेशमी शेला. काही म्हणा, थाट होता! थोरल्या गुरुजींनी शेला उचलला आणि सुरुवात केली, “आपल्या शाळेच्या आदरणीय पाहुण्या बाई, ज्या आपल्याकडं…” आणि अडले. वाकून शास्त्रीबुवांच्या कानाशी म्हणाले, “ह्या काय शिकवतात हो?” गुरुजींना ऐकायला कमी यायचं, त्यामुळं त्यांचं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

शास्त्रीबुवा पुटपुटले, “बहुतेक… गायन असावं.”

“अक्षरं शिकवतात!” नावाडीण ताडकन उभी राहिली. “मला शिकवलीत! इतके दिवस तुमच्या उंबऱ्याच्या आत शिकवतायत, आणि गायन म्हणे!”

काही जण हसले, बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या. गुरुजींनी कसाबसा शेला बाईंच्या खांद्यावर ठेवला. बाईंनी तो काढला, नीट घडी घातली आणि परत तबकात ठेवला.

“गुरुजी, रागावू नका,” त्या म्हणाल्या. “शेला सुरेख आहे. इथं मला सगळ्यांनी मानच दिला, वावगा शब्द कुणी बोललं नाही. पण मला ह्या शाळेत एकदा पाणी भरायचं होतं, ते भरू दिलं नाहीत. माझं काही चुकत असेल तर कुणी सांगावं असं वाटायचं, ते कुणी सांगितलं नाही. आवळीभोजनाला बोलावलं नाहीत, आणि येऊ नका असंही सांगितलं नाहीत. माझी सगळी माणसं त्या दिवशी बंद दाराशी उभी राहिली, गुरुजी. एकदा तरी कुणी माझ्यावर ओरडायला हवं होतं. घरच्या माणसावर ओरडतात. मी पाहुणी होते, आणि पाहुण्याला कधीतरी निघावं लागतंच. तर आता निघते.”

आणि त्यांनी बोचकं उचललं.

थोरले गुरुजी आहे तिथंच उभे होते. त्यांना काय आठवत होतं सांगू? त्यांचा स्वतःचा ह्या शाळेतला पहिला दिवस. मिसरूड फुटलेलं पोरगं होते ते तेव्हा, आणि शाळा म्हणजे नुसतं एक गवती छप्पर. भीत भीत दारात येऊन उभे राहिले, तर तेव्हाचे म्हातारे गुरुजी खेकसले होते, “अरे, उभा काय राहिलास खांबासारखा? छप्पर गळतंय, चढ वर!” ते चढले, चिखलानं माखले, आणि संध्याकाळी सगळ्यांसोबत एकाच पातेल्यातली खिचडी खाल्ली. त्या म्हाताऱ्या गुरुजींना जाऊन किती काळ लोटला होता! पण ते खेकसणं आत्ता कानाशी व्हावं तसं त्यांना ऐकू आलं, आणि भर सभेत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

बाई पायरीपर्यंत पोचल्या होत्या.

“अगं ए!” गुरुजी ओरडले.

सभा दचकली. गुरुजींनी आजवर कुठल्याही पाहुण्याला ‘अहो’ सोडून हाक मारली नव्हती. बाई वळल्या.

“निघालीस कुठं?” गुरुजी डोळे पुसत होते, आणि ओरडायचं ते ओरडतच होते. “ह्या एवढ्या सतरंज्या अंथरल्यात, त्या काय मी उचलायच्या ह्या वयात? ठेव ते बोचकं! आणि ऐक, त्या दिवशी कुलूप लावून आम्ही जेवत बसलो, ते चुकलं. फार चुकलं. तूही त्याच वेळी आमराईत येऊन माझ्याशी भांडायला हवं होतंस! घर आहे हे. इथं भांडायचं असतं.”

बाई तिथंच पायरीवर बसल्या आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. मग उठल्या, पदर खोचला आणि सतरंजीचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला शास्त्रीबुवा धावले. त्यांना घडी घालता येत नव्हती, तर बाई त्यांच्यावर जरा खेकसल्याच. शास्त्रीबुवांचा चेहरा मात्र काय खुलला म्हणता!

आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, म्हणजे नव्या माणसाला कामाला जुंपायचं, एवढंच ना? अरे बाबा, तसं नाही. सतरंज्या उचलायला माणसं काय कमी होती! त्या दिवसापासून शाळेत रीत पडली, की नवं माणूस आलं की घरच्यांपैकी एकानं त्याचा हात धरून सगळी शाळा दाखवायची. पाट्या कुठं, पाणी काढायचा दोर कुठं, शाळा कधी बंद, कुणाला डुलकी लागते आणि का लागू द्यायची, सगळं सांगायचं. त्याच्या वर्गात मागं बसायचं, आणि संपल्यावर खरं काय ते बोलायचं. गुरुजी मंडळी विचाराला बसली की नव्यालाही बोलवायचं आणि त्याचं ऐकायचं. कुणी रोज येवो, कुणी आठवड्यातून घटकाभर येवो. जेवढा वेळ आहे तेवढा वेळ तो घरचा.

बाई कुठं गेल्या नाहीत. शेठजी आधी चिडले, पण मग त्यांनीच नातवंडांना नावेत बसवून ह्या शाळेत धाडायला सुरुवात केली. नावाडीण ‘ज्ञ’पर्यंत पोचली आणि नावेत बसेल त्याला धडे म्हणून दाखवू लागली, ऐकायचं असो वा नसो. दुसऱ्या गावांहून येणारी माणसं वाढत गेली, आणि आली ती टिकली. पुढं पुढं शाळेत एवढी माणसं झाली, की आवळीभोजनाला आमराई पुरेनाशी झाली.

आता तुम्ही मोठे व्हाल, कुठंतरी आधीपासून बसलेले असाल, आणि दारात एखादं नवं माणूस येऊन उभं राहील. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: नव्या माणसाला नुसता मान दिला तर तो पाहुणाच राहतो, त्याला सांगितलं, विचारलं आणि हक्कानं हाक मारली, तरच तो आपला होतो.