गोळा कुणाच्या हाती?

एकदा एक दूध संघातला अधिकारी घाबराघुबरा होऊन आपल्या जुन्या गुरूंकडे आला. हे गुरू म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. लहानपणी त्यांनी याला गणित शिकवलं होतं.

"मास्तर, माझी मुलगी आता माझ्यावर विसंबत नाही," तो म्हणाला.

झालं होतं असं. या शिष्याच्या मोबाइलवर एक खेळ होता. त्यात शहर वसवायचं, रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या. खेळ वाईट नव्हे हो, चांगला बुद्धीचा! पण वेळ कुठला? म्हणून बैठकीत दोन मिनिटं, जेवताना तीन, असा तो कोंबायचा. कामात असताना जीव गाड्यांपाशी, गाड्या सोडताना जीव कामापाशी. एक ना धड, भाराभर चिंध्या! परवा मुलीला क्लासहून आणायचं होतं. 'एकच गाडी सोडतो' म्हणून बसला, आणि दहा वर्षांची रेवा पाऊण तास फाटकापाशी एकटी उभी राहिली. घरी आल्यावर ती रडली नाही. "उद्यापासून मला शेजारच्या काकू आणतील," एवढंच म्हणाली.

"खेळ काढून टाकू का, मास्तर?" हे विचारतानाही त्याचा अंगठा मोबाइलवर होता!

मास्तर आत गेले आणि नातवाचा लाकडी चेंडू घेऊन आले. "हा रेवाला दे. खेळायचं असेल तेव्हा तिच्याकडून मागून घे. संपलं की तिला परत कर. ती नाही म्हणाली तर नाही."

शिष्य चक्रावला. "पोरीची परवानगी मागू? त्यापेक्षा माझ्याच खिशात ठेवतो ना. नियम पाळीन मी."

"अरे, एकेरी मार्गावर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना रूळ एकच असतो तिथे, आम्ही ड्रायव्हरला असाच एक लोखंडी गोळा द्यायचो. तो हाती आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एका वेळी गोळा एकच, म्हणून टक्कर नाही. तुझा दिवसही एकेरी मार्गच आहे. त्यावर दोन गाड्या सोडतोस आणि छाती धडधडते म्हणून माझ्याकडे येतोस! पण ऐक. ड्रायव्हर कितीही भला असो, गोळा मी त्याच्या खिशात कधी राहू दिला नाही. पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही, हे गाडीत बसलेल्याला कळत नाही. ते फलाटावरच्या माणसाला विचारावं लागतं."

शिष्याची मान खाली गेली. त्यानं चेंडू उचलला.

घरी त्यानं चेंडू रेवाला देऊन मास्तरांची अट सांगितली. तिनं तीन दिवस "आज नाही" म्हटलं. दर वेळी त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अर्धा तास हं, बाबा." तो अर्धा तास मन लावून खेळला आणि वेळेआधी चेंडू परत दिला.

रेवानं तो घेतला. मग खाली बघत विचारलं, "काकूंना उद्या येऊ नका म्हणून सांगू?"

दुसऱ्या दिवशी तो क्लास सुटायच्या वीस मिनिटं आधीच जाऊन फाटकापाशी उभा राहिला. तेवढी वीस मिनिटंही त्याला सरता सरेनात. पाऊण तास म्हणजे किती, हे त्याला तेव्हा कळलं.