कढीची वाटी

कोणे एके काळी, स्टीलची भांडी गावोगावी नुकती कुठे पोचू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एका घरात सून, तिचा नवरा आणि म्हातारे सासरे राहायचे. सासऱ्यांच्या तोंडात दात नव्हते आणि हातांना कंप होता. साऱ्या जगात त्यांना एकाच गोष्टीची आवड उरली होती, ती म्हणजे गरम कढी. वाटी दोन्ही हातांत धरायची, डोळे मिटायचे आणि भुरका मारायचा.

पण त्यांच्या पितळी वाटीची कल्हई उडाली. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ओतलं की ते कळकतं, विषासारखं होतं. कल्हईवाला काही गावात फिरकेना. मातीचं वाडगं दिलं, तर ते थरथरत्या हातांतून पडून फुटलं. शेवटी सून नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाजारातून मामंजींना स्टीलची वाटी आणा. तिला आंबट चालतं, आणि पडली तरी फुटत नाही."

"आणतो की," नवरा म्हणाला. "पण नीट पारखून आणीन."

घोडं पेंड खायला लागलं ते इथेच.

नवरा मनाचा वाईट नव्हता. आपल्या आबांची वाटी गावात उजवी असावी, एवढंच त्याला वाटे. तो आठवड्याच्या बाजाराला गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

"वाटी कुठंय?" सुनेने विचारलं.

"एक होती. वाजवून पाहिली, पण आवाज बद्द आला."

"मामंजींना कढी प्यायचीय. भजनाला टाळ नकोयत."

पुढच्या बाजाराला तो लोहचुंबक घेऊन गेला. चुंबक वाटीला चिकटला, म्हणजे स्टील अस्सल नाही, म्हणून वाटी तिथेच राहिली. त्यानंतरची वाटी त्याने परत ठेवली, कारण तिच्यात तोंड स्वच्छ दिसत नव्हतं.

"तोंड कशाला दिसायला हवं?" सून म्हणाली. "वाटीसमोर बसून दाढी करायचीय का त्यांना?"

मग तो गावाला विचारत सुटला. लोहार म्हणाला, जाड घे. सोनार म्हणाला, पातळ असते तीच खरी. पाटील म्हणाले, घाई कशाला, जत्रेपर्यंत थांब.

"पाटलांचं काय जातंय," सून चुलीत लाकूड ढकलत म्हणाली. "त्यांच्या घरची कढी थोडीच अडलीय?"

दर बाजाराच्या दिवशी म्हातारा सकाळपासून ओट्यावर बसून रस्त्याकडे डोळे लावी. "आली का गं वाटी?" तो विचारी. "येईल, मामंजी," सून सांगे, आणि सांगताना तिचा जीव वैतागून जाई. मऊ भात कोरडाच पानात राहू लागला. मग एका बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्याने काही विचारलंच नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सुनेने ते पाहिलं आणि नवऱ्याची वाट अडवली. "आज वाटी आणली नाहीत, तर मी उकळती कढी तुमच्या ओंजळीत ओतीन. मामंजी तुमच्याच हातांतून पितील."

त्या दिवशी वाटी आली. चंद्रासारखी लखलखीत, टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखी वाजणारी. चुंबक तिला शिवत नव्हता. सुनेने आलं, हिंग, कढीपत्ता घालून कढी केली. म्हातारा उठून बसला. त्याने वाटी दोन्ही हातांत घेतली.

वाटी पातळ होती, क्षणात चटका बसला. बाहेरून गुळगुळीत, वळलेला काठ नाही की धरायला जागा नाही. वाटी हातांतून निसटली. कढी धोतरावर आणि जमिनीवर सांडली.

म्हातारा आपल्या बोटांकडे बघत राहिला. "माझेच हात मेले निकामी," तो म्हणाला.

"पण आबा, ही तर बाजारात सगळ्यांनी चांगली म्हटली होती," मुलगा पुटपुटला.

"म्हटली असेल. पण बाळा, मला एकदा धरून बघू दिली असतीस."

मुलगा खाली बसून जमीन पुसू लागला.

पुढच्या बाजाराला सून सासऱ्यांचा हात धरून निघाली. नवरा मागून चालला. भांडेवालीने वाट्या मांडल्या. म्हाताऱ्याने ना चमक पाहिली, ना टिचकी मारली. डोळे मिटून एकेक वाटी हातांत घेतली आणि खाली ठेवली. एका जाड, रुंद बुडाच्या वाटीपाशी तो थांबला. तिचा काठ बाहेर वळलेला होता, थरथरती बोटंही त्यावर टेकून राहात होती.

"ही," तो म्हणाला. बैलाचं पाणी पिऊन होईल एवढाही वेळ लागला नाही.

भांडेवाली हसली. "न्या, आजोबा. तुमच्या लेकाने पहिल्याच बाजारी बद्द वाजते म्हणून परत ठेवली होती, ती हीच."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं त्याला घरापर्यंत पुरलं.

संध्याकाळी ओट्यावरून भुरक्याचा आवाज स्वयंपाकघरात पोचला, आणि सुनेने न विचारताच दुसऱ्यांदा कढी वाढली. लखलखीत वाटी अंगणात कोंबड्यांच्या पाण्याला गेली. रोज सकाळी त्या तिच्यावर चोच मारत, आणि खरं सांगायचं तर, ती वाजायची मात्र फार गोड.

ध्यानात ठेवावं ते इतकंच : वस्तू ज्याच्यासाठी घ्यायची, ती आधी त्याच्या हातात द्यावी, गावाला मागाहून विचारावं.