सोळा बोटं रुंद, नऊ बोटं उंच

त्या राज्यात जे खिडकीत मावत नसे, ते नसे.

खिडकी सोळा बोटं रुंद आणि नऊ बोटं उंच होती. हे माप कोणी ठरवलं ते कुणाला आठवत नव्हतं. ज्यानं ठरवलं त्याची बोटं केवढी होती, तेही नाही. दरबार आत बसे, राज्य बाहेर असे, आणि मध्ये ही खिडकी. ज्याला काही दाखवायचं असेल त्यानं त्याचं चित्र गवताच्या चटईवर विणून आणायचं, खिडकीवरच्या कारकुनानं ते चौकटीत बसवायचं, आणि दरबारानं आतून बघून काय ते ठरवायचं. उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं ग्राह्य धरत नसत. दरबारचे नोकर बाहेर कामाला निघाले तरी त्याच मापाची एक फिरती चौकट बरोबर नेत आणि तिच्यातून बघितल्याशिवाय कामाला हात लावत नसत. चौकटीत काळं दिसलं तर रात्र समजून थांबायचं, असाही एक नियम होता. बाकी राज्य ठीक चाललं होतं.

राज्याच्या एका टोकाला एक माळ होता. मधून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट होती, आणि वाटेत कुणी घर करत नाही. म्हणून जे कोणी राहत ते कडेला राहत. पश्चिमेच्या कडेला खड्यांमध्ये टिटवीनं चार अंडी घातली होती. पूर्वेच्या कडेला, बोरीच्या जाळीखाली, साळूबाई नावाची म्हातारी साळिंदर राहायची. तिच्या अंगावर जेवढे काटे होते त्याहून चार जास्त जिभेवर होते.

अंडी घालून चार दिवस झाले आणि दवंडी आली. माळ रिकामा असल्याचं दिसतं, सबब तिथे दरबारच्या कवायतीसाठी दगडी फरशी बसवण्यात येईल. कुणी राहत असल्यास त्यानं तीन आठवड्यांच्या आत चित्र सादर करावं.

टिटवीला अंडी उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. तिला घरटं नसतं, नुसती जागा असते. तिनं अंड्यांवर बसल्या बसल्या चटई विणायला घेतली. डाव्या कडेला चार अंडी, उजव्या कडेला बोरीची जाळी आणि खाली साळूबाई, मध्ये लांबच लांब माळ. विणून झाल्यावर मोजलं तर उंची बरोबर नऊ बोटं, पण रुंदी एकवीस भरली.

"अगं बाई, माळच तेवढा आहे," साळूबाई म्हणाली. "त्याला तू काय करणार? जा तशीच. अंड्यांपाशी मी बसते, बघू कोण येतंय ते."

खिडकीवर एक सरडा कारकून होता. स्वभावानं वाईट नव्हता. येणाऱ्याला पाणी विचारायचा, चटई दोन्ही हातांनी घ्यायचा. त्यानं माप घेतलं आणि हळहळला.

"पाच बोटं जास्त झाली हो, टिटवीबाई."

"मग?"

"मग काही नाही. दाबून बसवतो. एक काडीसुद्धा वाया जाणार नाही."

त्यानं चटई दोन्ही बाजूंनी चेपून चौकटीत बसवली. काडी खरंच वाया गेली नाही. पण आतून बघताना अंडी उभट होऊन भुईमुगाच्या शेंगांसारखी दिसायला लागली, आणि साळूबाई बांबूसारखी लांब. दरबारात हशा पिकला. असलं जनावर आपल्या राज्यात नाही आणि शेंगा म्हणजे पीक, रहिवासी नव्हे, असा शेरा मारून चटई परत आली.

"मी बांबू?" साळूबाई म्हणाली. "आरशात बघा म्हणावं मेल्यांनो. आणि त्या सरड्याला काय सांगायचं, त्याची धाव कुंपणापर्यंत! अगं, गेल्या साली नदीतली मगर गेली होती. ती काय कमी लांब आहे? तिनं म्हणे चित्र सगळंच लहान करून विणलं, वर-खाली काळ्या पट्ट्या जोडल्या आणि माप भरून काढलं. पार झाली."

टिटवीनं सगळी चटई नव्यानं विणली. आता चित्र सोळा बोटं रुंद आणि सात बोटं उंच झालं. वर एक बोट काळी पट्टी, खाली एक बोट काळी पट्टी. अंडी बारीक दिसत होती, पण होती, आणि अंड्यांच्याच आकाराची होती. आठवडा गेला. तिच्या चोचीला चिरा पडल्या होत्या, पण जीव थोडा हलका झाला होता.

सरड्यानं माप घेतलं आणि खूश झाला. मग त्याची नजर पट्ट्यांवर गेली.

"हे काय? काळ्या पट्ट्या?"

"माप भरायला लावल्यात."

"म्हणजे चित्र मुळात रुंद आहे."

"ते तुम्हाला माहीतच आहे की."

"मला माहीत असून उपयोग नाही, नियमाला माहीत हवं. आता झालं. रुंद चित्राला खिडकीनं काळ्या पट्ट्या लावाव्यात, असा नियमच आहे."

"अहो, पण त्या आधीच लावल्यात!"

"त्या तुमच्या. या आमच्या," सरडा समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि त्यानं चारी बाजूंनी दोन-दोन बोटं दरबारी पट्ट्या चिकटवल्या. एकदा चिकटवलेली पट्टी काढायला दरबाराची परवानगी लागे, आणि ती परवानगी खिडकीतून बघूनच मिळे. टिटवीनं चौकटीत डोकावून पाहिलं. अंडी पट्टीखाली गेली होती. साळूबाईही. चारी बाजूंनी काळं, आणि मध्ये गवताचा एक तुकडा.

आतून शेरा आला : चित्र बहुतांशी रात्रीचं आहे. रात्री कोण कुठे राहतं ते कळत नाही. दिवसाचं आणावं.

मुदत संपायला चारच दिवस उरले होते. नवी चटई विणायला आठवडा लागतो. टिटवीनं पहिलीच चटई, ती एकवीस बोटांची, झटकून सरळ केली आणि खिडकीवर नेली. तिला आता बोलायचंही त्राण नव्हतं.

"अशीच लावा," ती म्हणाली. "मोठी आहे तर मोठी लावा. बाहेर आली तर येऊ द्या."

"बाहेर आलेलं दिसत नाही हो," सरडा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "एक करता येईल. कडा थोड्या छाटू. दोन्ही बाजूंनी सारख्या छाटतो, कुणावर अन्याय नको."

"कडेलाच तर आम्ही आहोत!"

"पण मधला भाग अगदी सुरेख आलाय."

टिटवी ओरडली. टिटवी ओरडते तेव्हा दोन मैलांवरची गुरं माना वर करतात, सरड्यानंही केली. मग तिची ओरड संपेपर्यंत तो अदबीनं थांबला आणि त्यानं दोन्हीकडून अडीच-अडीच बोटं कापली. चटई चौकटीत अशी चपखल बसली की आतून वाहवा झाली. इतकं मापातलं चित्र कैक वर्षांत आलं नव्हतं. माळ रिकामा असल्याचं यावरून स्पष्ट होतं, असा शेरा मारून चित्र मंजूर झालं आणि त्यावर शिक्का बसला.

"या तुमच्या कडा," सरडा म्हणाला. "घेऊन जा. आमच्याकडे ठेवायला जागा नसते."

टिटवी दोन चिंध्या घेऊन माळावर आली. एकीवर चार अंडी होती. दुसरी तिनं साळूबाईपुढे ठेवली.

"मला कापून आणलंस होय गं?" साळूबाई म्हणाली, पण टिटवीचा चेहरा बघून पुढचं गिळलं. "बस इथे. रड थोडी. मग बघू."

टिटवी अंड्यांवर बसून रडली. पंख पसरून तिनं अंडी झाकली. दुसरं झाकण तिच्यापाशी नव्हतं.

दवंडीनंतर चोविसाव्या दिवशी सकाळी दरबारची टोळी आली. पुढे सरडा, हातात मंजूर चटई आणि बगलेत काळ्या पट्ट्यांची गुंडाळी. मागे मुकादम रेडा आणि त्याचे चार गडी, खांद्यावर खुंट्या आणि मोगऱ्या. त्यांनी फिरती चौकट वाटेच्या तोंडाशी रोवली. नियम असा होता, की समोरचा देखावा मंजूर चित्राशी जुळला तरच पहिली खुंटी ठोकायची. सरड्यानं चौकटीतून बघितलं, चटई बघितली. मध्ये गवत, वर आभाळ. जुळलं. रेड्यानं मोगरी उचलली.

त्याच सकाळी अंडी फुटली होती. टिटवीची पिल्लं अंगावरचं ओलं वाळायच्या आत पळायला लागतात. अक्कल मागाहून येते. पहिलं पिल्लू कडेवरून निघालं ते थेट वाटेवर, चौकटीच्या मधोमध.

"थांबा," सरडा म्हणाला. "टिटवीबाई, पोराला जरा बाजूला घ्या. मंजूर चित्रात पोर नाही."

"तुम्हीच घ्या," टिटवी म्हणाली. "मी कडेला आहे. मला तुम्ही कापलंय."

सरडा विचारात पडला. पोराला हात लावणं त्याच्या कामात बसत नव्हतं. चौकटीला हात लावणं बसत होतं. त्यानं गुंडाळीतून एक पट्टी फाडली आणि चौकटीत पिल्लू दिसत होतं तिथे चिकटवली. पिल्लू दिसेनासं झालं. रेड्यानं पुन्हा मोगरी उचलली, तेवढ्यात पिल्लू पट्टीच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं, आणि त्याच्यामागून दुसरं.

सरड्यानं आणखी दोन पट्ट्या लावल्या. तिसरं पिल्लू खालून आलं. चौथं जरा आळशी होतं. ते सगळ्यात शेवटी आलं आणि बरोबर मध्ये येऊन बसलं. सरडा घामाघूम झाला, पण मागे हटला नाही. तो डावीकडे लावी तोवर उजवीकडे काहीतरी तुरुतुरु निघे. साळूबाई जाळीतून हे बघत होती. "वर एक राहिलंय हो!" ती मदतीच्या सुरात ओरडली, आणि सरड्यानं वरही लावली.

शेवटची पट्टी लावून तो बाजूला झाला. आता चौकटीत एकही पिल्लू नव्हतं.

रेडा पुढे होऊन वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, रात्र झाली."

सरड्यानं बघितलं. झाली होती.

"पट्ट्या काढू का?" एका गड्यानं विचारलं.

"परवानगी लागेल. ती आता सकाळीच."

मोगऱ्या खाली ठेवल्या गेल्या. गडी वाटेवर ओळीनं बसले. ऊन डोक्यावर आलं, माळ तापला, दगडांतून झळा निघायला लागल्या. रेड्यानं कपाळावरचा घाम पुसला. "यंदा रात्रीचासुद्धा काय उकाडा आहे," तो म्हणाला, आणि उजाडायची वाट बघत बसला. वाटेवर तेवढी एकच सावली होती, काळ्या चौकटीची. चारही पिल्लं तिथे जाऊन झोपली.