लोणच्याच्या मागून

“पायऱ्या थोरल्या महाराजांनी बांधल्यात. त्यातला एक दगड हलणार नाही,” दिवाण त्र्यंबकपंतांनी निक्षून सांगितलं.

गिरजा वाड्याच्या पायऱ्यांखाली चाकाच्या पाटावर बसली होती. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले होते. हाताला मात्र अशी चव, की तिच्या लोणच्यावरून घराघरांत भांडणं लागत. वरच्या मुदपाकखान्यात लोणची घालायला बाई हवी होती. भावजयीच्या टोमण्यांबरोबर घास गिळून गिरजा पार विटली होती. ही नोकरी तिला हवीच होती.

“दगड राहू द्या, पंत. दोन फळ्या टाका, मी येते चढून.”

“फळ्यांचा विचार चालू आहे. पावसाळ्यापासून चालू आहे. विचार काय असा घाईनं होतो?”

सज्जातून महाराज म्हणाले, “आमचं मन मोठं आहे हो! उद्या दुपारपर्यंत वर ये, नोकरी तुझी. मात्र कुणी तुला उचलायचं नाही, आणि तू फळ्या मागायच्या नाहीत.”

मन खरंच मोठं. पाट शिरेल एवढी फट तेवढी त्यात नव्हती.

“बरं, महाराज,” गिरजा म्हणाली.

सकाळी भावानं ढकलत आणलेला हातगाडा पायऱ्यांशी थांबला. गाड्यात कैरीच्या लोणच्यानं भरलेला रांजण. गिरजानं रांजणाच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला, तसा हिंग-मोहरीचा वास थेट सज्जात गेला. त्यामागोमाग महाराज खाली आले.

“महाराजांसाठी आणलंय,” ती म्हणाली.

भोयांनी रांजण उचलला मात्र, तो कलला आणि तेल हिंदकळलं.

“अरे मेल्यांनो, सांडाल! गाडा तसाच वर घ्या. फळ्या कुठायत, फळ्या?” महाराज ओरडले.

काय सांगावं, फळ्या लगेच सापडल्या! एक तर तबेल्याचं दारच होतं. धोतर खोचून पंतांनीही एक टोक धरलं. गाडा डुगडुगत वर गेला. त्याच्या मागून हातांनी रेटत गिरजा चढली. सगळ्यांचे डोळे लोणच्यावर, तिच्याकडे बघतो कोण?

“मुजरा, महाराज. कुठली फोड देऊ?” मुदपाकखान्यात तिनं विचारलं.

“तू? तुला कुणी उचललं?”

“कुणी नाही.”

“मग फळ्या?”

“त्या तुम्हीच मागितल्यात, महाराज. माणसासाठी नुसता विचार चालू होता, लोणच्यासाठी तबेल्याचं दार निघालं. म्हटलं, आपणही लोणच्याच्या मागून जावं.”

पंत आढ्याकडे बघू लागले. महाराजांनी फोड तोंडात टाकली आणि ठसका लागेपर्यंत हसले.

“पंत, हिला लुगडं-चोळी द्या, पगार आजपासून. आणि त्या फळ्या तिथंच ठोकून टाका.”

“विचार करतो, महाराज.”

“विचार नको. रोज लोणचंच वर यायचंय असं समजा!”